हरणाच्या शिकारीचं मचाण : यंदा न पडणारं बांधायचंय

कुडकुडे_काका | १४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये आमची बारा एकर जागा आहे. निम्मी शेजाऱ्याला मक्यासाठी दिलेली, उरलेल्यात गवत आणि कडेने बॉक्स एल्डरची झाडं. ही झाडं आपल्या पांगाऱ्यासारखी म्हणा, बाहेरून जाड, आतून भुसा. त्यामुळे झाडाला टेकवायचं मचाण बाद. स्वतःच्या चार पायांवर उभं राहणारं हवं.

गेल्या वर्षी एक बांधलं होतं. कसं ते सांगतो, हसू नका. चार बाय चार इंचांचे चार डांब, सरळसोट, दोन दोन फूट पुरून भोवती काँक्रीट. वर दहा फुटांवर सहा बाय सहाची खोली, पत्र्याचं छप्पर. नोव्हेंबरात झकास होतं. मार्चमध्ये बघतो तर एक डांब चार बोटं वर आलेला, खोली कलंडलेली, दार चौकटीत अडकलेलं. एप्रिलच्या वादळात सगळं शेजाऱ्याच्या रानात आडवं. बायको म्हणाली, "रिकामं होतं ते बरं झालं," आणि मग दोन दिवस काही बोललीच नाही.

यंदा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी सुरू होतो. चार महिने हातात आहेत. काय चुकलं आणि आता काय करू?

तिखटमीठ | १४ जुलै, रात्री १०:०५

हसलो. माफ करा. पत्रा सापडला का?

कुडकुडे_काका | १४ जुलै, रात्री १०:११

शेजाऱ्याने आणून दिला. ट्रॅक्टरवर, हसत हसत.

वऱ्हाडी_जागल्या | १५ जुलै, सकाळी ७:३०

काका, आमी यवतमाळकडचे. शिकार नाही, जागल करतो. तूर-हरभऱ्यात रोही अन् रानडुक्कर घुसते, तं रातभर मचाणावर बसा लागते. चार बाभळीचे डांब, वर बांबूचा ताटवा, त्याच्यावर तणस अन् ताडपत्री. डांबाच्या बुडाले जळकं ऑइल, नाही तं उधळी दोन सालात खाऊन टाकते. माह्या बापानं बांधलेलं सात-आठ वर्सं टिकलं.

एक गोष्ट मले तुमच्या सांगण्यात दिसून रायली. आमचं मचाण चारी बाजूनं उघडं असते. वारा येते, जाते. तुमी त्याले भिंती लावल्या राजेहो. ते मचाण नाही रायलं, ते शीड झालं.

ओळंबा | १५ जुलै, सकाळी ११:१५

जागल्यांनी एका वाक्यात निदान केलंय. मी फक्त आकडे घालतो. (पुण्यात स्ट्रक्चरलचं काम करतो. मचाण कधी बांधलं नाही, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे पुष्कळ. उभं राहण्याचं आणि पडण्याचं गणित तेच.)

लोक असल्या बांधकामात वजनाची काळजी करतात. वजन हा प्रश्नच नाही. खोलीच्या ३६ चौरस फुटांच्या जमिनीवर चौरस फुटाला ४० पौंड धरले तरी १,४४० पौंड होतात, पायागणिक ३६०. चार बाय चारचा डांब, वाकू न दिला तर, त्याच्या कितीतरी पट पेलतो. प्रश्न आडव्या जोराचा आहे.

ताशी ८० मैलांचा वारा धरू. वेगाचा वर्ग गुणिले ०.००२५६ केलं की दाब मिळतो, पौंड प्रति चौरस फूट. इथे साधारण १६.४. तुमची भिंत ६ फूट रुंद, ७ उंच धरली तर ४२ चौरस फूट. म्हणजे ६९० पौंडांचा धक्का, आणि तो बसतो भिंतीच्या मध्यावर, जमिनीपासून साडेतेरा फुटांवर. गुणाकार केला की उलटवणारा जोर निघतो ९,३०० फूट-पौंड. खोलीच्या आकारामुळे खरा जोर याहून थोडा जास्तच असतो.

विरोधात काय? फक्त स्वतःचं वजन. सगळं मिळून ९०० पौंड समजा. पाय सरळ, म्हणजे तळ ६ फुटांचा, मध्यापासून कडेपर्यंत ३ फूट. ९०० गुणिले ३, झाले २,७००. वर आलेल्या त्या डांबाने पकडही सोडली होती. पडणारच.

आता पाय खाली फाकवा. वर ६ फूट, जमिनीशी १० फूट. विरोध ४,५०० वर जातो. उरले ४,८००. तळाच्या १० फुटांनी भागलं की वाऱ्याकडच्या दोन पायांना मिळून ४८० पौंड खाली ओढून धरायचे, एका पायाला २४०. ढिलाईला जागा ठेवून पायागणिक ५०० धरेल असा नांगर, म्हणजे पायाला जमिनीशी ओढून धरणारा अँकर, घाला. हे जमण्यासारखं आहे.

पानगळ | १५ जुलै, रात्री ८:५०

मिशिगनहून. आमच्याकडे हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो, वार कोणताही असो. त्या दिवशी गावातली अर्धी ऑफिसं रिकामी असतात. मी नवऱ्याच्या आधी शिकार शिकले हे त्याला अजून पचलेलं नाही, असो.

काका, तुमचा डांब वाऱ्याने वर आला नाही, थंडीने आला. चिकणमातीतलं पाणी गोठतं, बर्फाचे थर धरतात, माती फुगते आणि काँक्रीटच्या खडबडीत गोळ्याला पकडून वर उचलते. वसंतात माती खाली बसते, पण खालच्या पोकळीत चिखल शिरलेला असतो, त्यामुळे डांब परत खाली जात नाही. दरवर्षी बोट-दोन बोटं. आणि चारही डांब सारखे उचलले जात नाहीत, खरी गंमत तिथे आहे.

तुमच्याकडे घराचा पाया ४८ इंच खाली नेतात, आमच्याकडे ४२. दोन फूट म्हणजे अगदी मधोमध, सगळ्यात वाईट जागी. एकतर चार फुटांच्या खाली जा, नाहीतर अजिबात पुरू नका. मी पुरत नाही. मुरुमासारखी बारीक खडी सहा इंच, तिच्यावर काँक्रीटची फरशी, तिच्यावर पाय. जमीन हलली तर सगळं मिळून हलतं आणि वसंतात पाचर मारून सरळ करता येतं.

साधीभोळी | १६ जुलै, दुपारी १:२०

मी इथे पाककृती वाचायला येते आणि समोर हे. उबदार खोली, पत्र्याचं छप्पर, आता खुर्चीपण ठेवाल. हरणाच्या हातात काय? ह्याला शिकार म्हणायचं का?

कुडकुडे_काका | १६ जुलै, रात्री ९:००

प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी मीही स्वतःला विचारला होता.

आमच्या भागात लांडगे नाहीत. हरणं मका आणि सोयाबीन खाऊन माजतात, हिवाळ्यात कोवळ्या झाडांचे शेंडे खातात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यावर येतात. माझ्या पुतण्याची गाडी त्यात गेली, तो वाचला. परवाना, ठरलेला हंगाम, कोणत्या भागात किती माद्या, हे सगळं सरकार ठरवतं. मारलेलं मी खातो. खिमा करतो, आलं-लसूण दुप्पट घालून. मचाण हे आरामासाठी कमी आणि नेमासाठी जास्त. वरून झाडलेली गोळी मातीत जाते, शेजाऱ्याच्या घराकडे नाही. आणि स्थिर टेकू असला की जनावर जखमी होऊन पळत नाही.

तरी नाही पटलं तर तेही मान्य. आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही एकाच ताटात जेवतात.

साधीभोळी | १६ जुलै, रात्री ९:३५

पटलं नाही. पण खिम्याचं प्रमाण टाका.

वऱ्हाडी_जागल्या | १६ जुलै, रात्री १०:१०

हे वाचून इथलं कोनी चेव खाऊ नका हो. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद हाये, चितळ असो का सांबर. आमचं मचाण हाकलासाठी. डबा वाजवा, बॅटरी मारा, गोफण फिरवा, बस. हौस असंन तं बुद्धपौर्णिमेले ताडोबा नाही तं मेळघाटात वनखात्याच्या मचाणावर नंबर लावा. पाणवठ्यावर चांदण्यात काय काय येते, एकदा पाहा.

नवखा_एच१ | १७ जुलै, सकाळी ६:५५

अवांतर, पण व्हिसावर असताना बंदूक घेता येते का? ऑफिसातला एकजण हो म्हणतो, एकजण नाही.

पानगळ | १७ जुलै, सकाळी ८:०५

दोघेही अर्धे बरोबर. एच-१ सारख्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण चालू शिकार-परवाना असेल तर अपवाद आहे. ऑफिसातल्यांच्या भरवशावर राहू नका, वकिलाला विचारा. चुकलात तर दंडावर भागत नाही.

कुडकुडे_काका | १७ जुलै, सकाळी ८:४०

आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचा वर्ग केल्याशिवाय परवाना मिळत नाही. मी नागरिक झाल्यावर केला. वर्गात माझ्या दोन्ही बाजूंना बारा वर्षांची पोरं. परीक्षेत डावीकडच्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क.

ओळंबा, पाय फाकवायचे तर कोन कसा साधू? दोन्ही दिशांना तिरपं कापायला गेलो तर करवतीपुढे डोकं चालत नाही.

ओळंबा | १७ जुलै, सायंकाळी ७:२५

कापू नका. तुमच्याकडे मचाणासाठी जाड पत्र्याचे तयार कोन मिळतात, डांब सरकवला की दोन्हीकडे झुकाव आपोआप मिळतो. बाजूला २ फूट, दुसऱ्या बाजूला २ फूट, उंची १० फूट, म्हणजे पायाची लांबी साधारण १० फूट ५ इंच. १२ फुटी डांब आणा, जमिनीच्या उतारानुसार खालून कापा. कोनाचा झुकाव थोडा वेगळा निघाला तर तळ त्याप्रमाणे कमीजास्त होईल, बिघडत नाही. मात्र ९ फुटांच्या आत आणू नका.

खोलीच्या तळाची चौकट काटकोनात आहे का हे गुण्याने बघू नका, गुण्या एवढ्या लांबीवर फसवतो. दोन्ही कर्ण मोजा. ६ फुटी चौकटीचा कर्ण ८ फूट ५ इंच आणि वर पाऊण इंचाला केसभर जास्त. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट सरळ, बाकी काही बघायची गरज नाही.

मग कैच्या, म्हणजे दोन पायांमध्ये तिरप्या मारलेल्या फळ्या. चारही बाजूंना, एकही वगळायची नाही. शिडीच्या बाजूला लोक वगळतात, "जायला यायला आड येते" म्हणून, आणि मचाण नेमकं त्याच दिशेला डोलतं. चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. कैची पायाच्या मध्यावर पकडली की पाय वाकण्याची भीतीही निम्म्याहून कमी होते. जोड खिळ्यांनी नाही, नुसत्या स्क्रूनेही नाही. अर्ध्या इंचाचे आरपार बोल्ट, दोन्हीकडे मोठे वायसर.

बोल्ट घेताना एक पाहा. तिकडच्या रसायन मुरवलेल्या लाकडात २००४ पासून घरगुती कामासाठी आर्सेनिकवालं बंद झालं, आता तांब्याची रसायनं असतात. ती साध्या चकचकीत मुलाम्याच्या बोल्टला खातात. गरम जस्तात बुडवून काढलेले, राखाडी, खरखरीत दिसणारे घ्या. कुरूप असतात, तेच हवेत.

पानगळ | १७ जुलै, रात्री १०:००

ओळंबांनी सांगाडा सांगितला, मी आतलं सांगते, कारण हरिण आवाजाने आणि वासाने पळतं.

जमीन पाऊण इंची प्लायवूडची, खाली तुळयांवर गोंद लावून मग स्क्रू. नुसते स्क्रू असले तर थंडीत पहाटे पाय हलवला की कुर्रर्र वाजतं, आणि त्या शांततेत ते कुर्रर्र दोनशे यार्डांवर ऐकू जातं. वर जुना गालिचा. खिडकीच्या उंबऱ्यालाही गालिच्याची पट्टी, बंदूक टेकताना टक् होत नाही. खिडकीची उंची पुस्तकातून घेऊ नका. खोलीत तुमची खुर्ची ठेवा, हिवाळ्याचं जाकीट घालून बसा, बंदूक (रिकामी!) खांद्याला लावा आणि बायकोला पेन्सिलने खूण करायला सांगा. जुलैत जाकीट घालताना हसतील, हसू दे.

दार बाहेर उघडणार असेल तर बाहेर उभं राहायला दोन-अडीच फुटांचा कठडेवाला ओटा करा. ओट्याशिवाय दार बाहेर उघडलं की माणूस शिडीवर मागे झुकतो. लोक पडतात ते बहुतेक चढताना-उतरताना, बसल्याजागी कमी. शिडीपेक्षा तिरपा जिना बरा, पायरीवर खरखरीत पट्टी. बंदूक कधीही हातात घेऊन चढायची नाही. रिकामी करून खाली दोरीला बांधा, वर पोचा, मग ओढून घ्या.

आणि जागा. नोव्हेंबरात थंडीची लाट आली की वारा बहुतेक वायव्येचा. हरणांच्या वाटेच्या आग्नेयेला मचाण ठेवा, तुमचा वास त्यांच्यापासून दूर जाईल. ऑगस्टपर्यंत उभं करा. हरणांना नवीन वस्तू खपत नाही, दोन महिने बघून बघून कंटाळली की खपते.

तिखटमीठ | १८ जुलै, सकाळी ९:१०

म्हणजे जावयासारखं.

कुडकुडे_काका | १९ ऑगस्ट, रात्री ८:३०

उभं राहिलं! तीन शनिवार-रविवार गेले.

सगळं जमिनीवर बांधून एकदम उभं करायचा विचार होता. शेजाऱ्याने अडवलं. समोरासमोरच्या दोन बाजू जमिनीवर आडव्या जोडल्या, कैच्यांसकट. एकेक बाजू त्याच्या ट्रॅक्टरच्या लोडरने उचलली, तात्पुरते टेकू दिले, मग मधल्या तुळया. खोलीच्या भिंती सुट्या वर नेल्या. उचलत असताना खाली कोणी उभं राहायचं नाही, हा नियम त्याने दोनदा ओरडून सांगितला, आणि मी दोन्ही वेळा खाली होतो.

कर्ण पहिल्यांदा मोजले तर दीड इंचाचा फरक. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी हातोड्याने ठोकलं, पुन्हा मोजलं, पाऊण इंच. पुन्हा ठोकलं, सारखे. तो क्षण मला खोली पूर्ण झाल्यापेक्षा आवडला.

नांगर गिरमिटासारखे, खाली चकती असलेले, चार फुटी घेतले. जागल्यांच्या काळ्या मातीत कसे जातील माहीत नाही, आमच्या चिकणमातीत तिसऱ्या फुटाला दात-ओठ खाऊन फिरवावे लागले. नांगर ते पाय साखळी आणि मधे आवळायचा टर्नबकल.

मग मी आणि शेजारी वर चढून दोघांनी मिळून इकडून तिकडे झुलायचा प्रयत्न केला. एकूण वजन मी सांगणार नाही. हललं नाही.

वऱ्हाडी_जागल्या | २० ऑगस्ट, सकाळी ६:४५

लय झकास! फोटोत पाहून रायलो, खिडकीले काच हाये. आमच्याइथं पावसात ताडपत्री फाटली काल. सोयाबीनमंदी डुक्करं रातभर नाचून गेले.

कुडकुडे_काका | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

पहिला दिवस. पहाटे पाचला चढलो. अंगावर भगवं जाकीट (कायद्याने कमरेवरचे निम्मे कपडे भडक भगवे किंवा भडक गुलाबी हवेत, पोरीने गुलाबी सुचवलं होतं). थर्मासमध्ये चहा. उजाडेपर्यंत फक्त मक्याच्या धाटांचा आवाज.

साडेसातला दोन माद्या आणि मागे एक पाडस आलं, माझ्या खालून, पायाच्या साखळीजवळून. एका मादीने साखळी हुंगली. वर बघितलं नाही. इतक्या जवळ होत्या की नाकातली वाफ दिसत होती. बंदूक उचललीच नाही, का ते विचारू नका.

नऊ वाजता शंभर यार्डांवर एक नर आला आणि त्याला मात्र घेतला. एक गोळी, जागेवर. डोकं तपासणीच्या पेटीत टाकून आलोय. आमच्याकडे हरणांचा तो मेंदू पोखरून जनावर झिजवणारा आजार (सीडब्ल्यूडी) २००२ पासून आहे, त्यामुळे अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, पातेल्यात नाही. साधीभोळी, खिमा तोवर थांबेल.

साधीभोळी | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

त्या दोन माद्यांचं वाचून बरं वाटलं. प्रमाण विसरू नका.

कुडकुडे_काका | ९ मे, सायंकाळी ७:१५

धागा वर काढतोय. हिवाळा उणे २५ सेल्सियसपर्यंत गेला, एप्रिलमध्ये दोन वादळं. आज पाणसळ लावून पाहिली. तीन पाय जसेच्या तसे. वायव्येचा अर्धा इंच खाली, तिथे देवदाराची पाचर मारली. एक टर्नबकल सैल होता, चार वेढे आवळला. बोल्टही सगळे थोडे थोडे फिरले, लाकूड सुकून आकसलंय. ओळंबा, हे अपेक्षित होतं ना?

ओळंबा | १० मे, सकाळी १०:४०

पूर्ण अपेक्षित. ओलं लाकूड पहिल्या वर्षी आकसतं. पान्हा घेऊन पुढच्या मे महिन्यात आणखी एकदा, मग दोन वर्षांनी. पाचर सटकू नये म्हणून एक खिळा मारा.

कुडकुडे_काका | १० मे, रात्री ८:२०

मारला. आता नवीन अडचण. दार उघडलं तर छपराच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी मुठीएवढं पोळं केलंय आणि खुर्चीच्या गादीत उंदराने पिल्लं घातलीत. जागल्या, तुमच्याकडे काय करतात?

वऱ्हाडी_जागल्या | ११ मे, सकाळी ६:३०

गांधीलमाशीले अंधार पडल्यावर कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. पण तुमचं मचाण लाकडाचं हाये, धूर खालून करू नका, बालटीत करा. उंदराचं काय, पिल्लं मोठे होऊ द्या अन् गादी फेकून द्या. आमच्याकडे गादीच नसते.